‘वाडा चिरेबंदी’: वाड्याच्या आतून आणि बाहेरून

मराठी रंगभूमीवर देव आले, पुराणातले राजे आले, इतिहासातले सरदार आले. साधे नांदते घर मात्र त्या मानाने उशिरा आले. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’त, म्हणजे १८९९ साली, कांचनभटाचे घर प्रेक्षकांनी पाहिले आणि आपल्या शेजारच्या आळीतले घर ओळखावे तसे ते ओळखले. १९१९ साली सिंधूच्या झोपडीत प्रेक्षकांनी डोळे पुसले. १९३३ साली नाट्यमन्वंतराने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणली तेव्हा रंगवलेले पडदे जाऊन खरी दारे, खऱ्या खिडक्या आणि बसावयाच्या खऱ्या खुर्च्या आल्या. पुढे अत्र्यांच्या ‘घराबाहेर’मधली निर्मला आणि रांगणेकरांच्या ‘कुलवधू’तली भानुमती यांनी घराचा उंबरठा ओलांडला, आणि त्या ओलांडण्यावर सुशिक्षित कुटुंबांत महिनोन्महिने वाद झाले.

परंतु नीट पाहिले तर ह्या सर्व नाटकांत घर हे न्यायालयासारखे आहे. तेथे एक फिर्याद येते, बालाजरठविवाहाची, दारूची, हुंड्याची किंवा पतीच्या संशयाची. दोन्ही पक्षांची भाषणे होतात, आणि शेवटच्या अंकात निकाल लागतो. खुद्द घराविषयी, म्हणजे त्याच्या भिंतींविषयी, मिळकतीविषयी, माजघरातल्या अंधाराविषयी आणि कोठीच्या किल्लीविषयी नाटककारास काही म्हणावयाचे आहे असे क्वचितच दिसते. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे नाटक १९८५ साली विजया मेहता यांनी प्रथम रंगभूमीवर आणले. त्यात न्यायालय नाही, फिर्यादही नाही. तेथे घर हेच नाटक आहे. त्याच्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे हे आम्ही जाणतो. तरीही लिहावयास बसलो, कारण आमच्या कोल्हापूरकडच्या वाचकास ह्या नाटकाशी एक वेगळे भांडण आहे, आणि ते भांडण कोणी मोकळेपणाने मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

कथानक थोडक्यात असे. वऱ्हाडातल्या एका खेड्यात देशपांड्यांचा जुना वाडा आहे. घराचे कर्ते पुरुष तात्याजी नुकतेच वारले आहेत, आणि मुंबईस नोकरी करणारा दुसरा मुलगा सुधीर आपली पत्नी अंजली हिच्यासह दिवसांसाठी आला आहे. थोरला भास्कर आणि त्याची पत्नी, जिला सारे वहिनी म्हणतात, वाडा सांभाळून आहेत. धाकटा चंदू अविवाहित. तो घरातला मुलगा असून घरातल्या गड्यासारखा राबतो. प्रभा ही बहीण, तीही अविवाहित; तिला पुढे शिकावयाचे होते, वडिलांनी शिकू दिले नाही. भास्करची मुले पराग आणि रंजू वयात आली आहेत आणि दोघेही हाताबाहेर चालली आहेत. नुकत्याच विधवा झालेल्या आई आहेत. आणि आतल्या खोलीत तात्याजींच्या वृद्ध मातोश्री, दादी. मुलगा गेला हेही त्यांना उमगलेले नाही, त्या आतून पुन्हा पुन्हा वेळ किती झाली ते विचारतात. अंगणात एक बिघडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे. तेराव्याला गावजेवण घातले पाहिजे, कारण ते देशपांड्यांचे घर आहे; आणि पैसा तर नाही. वाड्याचा भाग विकण्याची भाषा निघते. घराण्याच्या सोन्याचा डबा कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न कोणी उच्चारीत नाही, पण तो प्रत्येकाच्या मनात आहे. अखेरीस ते सोने घेऊन रंजू शिकवणीच्या मास्तरांबरोबर पळून जाते.

एवढ्या हकिकतीत नवे काय आहे, असे कोणी विचारील. नवे काहीच नाही. आणि हेच ह्या नाटकाचे पहिले सामर्थ्य होय. दहा माणसे रंगभूमीवर येतात, आणि दहाही एकाच घरातली आहेत. त्यांत खलपुरुष कोणी नाही. भास्कर लोभी आहे असे म्हणावे, तर वाड्याचा पडता भार त्यानेच उचलला आहे. सुधीर स्वार्थी आहे असे म्हणावे, तर मुंबईतली त्याची श्रीमंती ही वाड्यातल्या लोकांच्या कल्पनेत आहे. तो तेथे जेमतेम तगून आहे. प्रत्येकजण दुसऱ्याच्या घरात सोने दडले आहे असे समजून चालतो. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसास हा गैरसमज किती खरा आहे हे निराळे सांगावयास नको. गावचा भाऊ म्हणतो, शहरातल्यास महिन्याचा पगार आहे. शहरातला भाऊ म्हणतो, गावातल्यास जमीन आणि घर आहे. दोघेही खरे बोलतात आणि दोघेही दुसऱ्यावर अन्याय करतात.

नाटकातल्या एका प्रवेशाविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. रात्र झाली आहे, घर निजले आहे. भास्कर सोन्याचा डबा काढतो आणि वहिनींस एकेक दागिना घालावयास लावतो. पाहता पाहता ती थकलेली, घाम पुसत वावरणारी गृहिणी नखशिखांत सोन्याने मढते. हा प्रवेश नाटकात अत्यंत प्रसिद्ध आहे आणि त्याची प्रसिद्धी रास्तच आहे. परंतु बहुतेक टीकाकार त्याकडे वैभवाच्या अखेरच्या झळाळीचा देखावा म्हणून पाहतात. आम्हांस त्यात दुसरेच दिसते. हे दागिने त्या घरात आलेल्या सुनांचे आहेत. पिढ्यानुपिढ्या ज्या बायका त्या घरात आल्या, राबल्या, बाळंत झाल्या आणि मेल्या, त्यांच्या अंगावरून उतरवलेले हे सोने आहे. आणि ते ज्या क्षणी वहिनींच्या अंगावर चढते, त्या क्षणी नवऱ्याच्या डोळ्यांत जे कौतुक उमटते ते बायकोचे की मिळकतीचे, हे सांगता येत नाही. बाईस तो क्षण सुखाचा आहे, हे एलकुंचवार नाकारीत नाहीत. त्या सुखाचा अपमान न करता त्याच्याखालचे ओझे दाखविणे ही सोपी गोष्ट नव्हे. एखाद्या सुधारकी नाटककाराने येथे वहिनींच्या तोंडी भाषण घातले असते. हा नाटककार तिला आपल्या अंगावरील भार नुसता सोसू देतो.

ह्याच सोन्याची दुसरी बाजू प्रभा आहे. तिला आपला वाटा हवा आहे, आणि तो दागिने म्हणून नको, शिक्षण म्हणून हवा आहे. वय निघून गेल्यावर मागितलेले शिक्षण हास्यास्पद ठरते हे तिला ठाऊक आहे, तरी ती मागते. आमच्या मते ‘वाडा चिरेबंदी’तली सर्वांत धीट व्यक्ती तीच होय, आणि ती घराबाहेर पाऊल न टाकताही धीट आहे. निर्मला आणि भानुमती यांना निदान उंबरठा ओलांडता आला. प्रभेपुढे उंबरठा आहे, पण त्यापलीकडे जाण्यास लागणारे भाडेसुद्धा तिच्या हाती नाही.

येथे आम्ही वाचकांची परवानगी घेऊन घरातली एक गोष्ट सांगतो. हे नाटक आम्ही काही वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका हौशी मंडळीने केले तेव्हा पाहिले, आणि बरोबर आमच्या आत्याबाई होत्या. आत्याबाईंचे वय तेव्हाच ऐंशीच्या घरात होते. त्या मॅट्रिकला पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या. राजाराम कॉलेज १८८० सालापासून ह्या शहरात आहे, आणि त्या काळी ते आमच्या जुन्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर होते. घरची गरिबीही नव्हती. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, ह्याचा अभिमान आमच्या आजोबांस फार असे, आणि ते तो येणाऱ्याजाणाऱ्यास बोलून दाखवीत. परंतु आत्याबाईंस कॉलेजात पाठविले नाही. का, ते कोणी सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. पुढे त्यांचे लग्न जमले ते मोडले. मग त्या आमच्याच घरी राहिल्या आणि आम्हां सगळ्या भावंडांस अंकगणित शिकविते झाल्या.

दागिन्यांच्या प्रवेशात आजूबाजूच्या बायका हुंदके देत होत्या. आत्याबाई स्वस्थ होत्या. प्रभा आपला वाटा मागते तेथे त्यांनी आमचा हात धरला आणि पडदा पडेपर्यंत सोडला नाही. रिक्षात बसल्यावर आम्ही विचारले, नाटक कसे वाटले? त्या म्हणाल्या, “तिने मागितले तरी.” त्यापुढे घरी येईपर्यंत एक शब्द नाही. आम्ही ह्या नाटकावरील अनेक लेख वाचले आहेत. त्या तीन शब्दांइतकी नेमकी टीका आमच्या वाचनात नाही. आणि तेव्हापासून आम्हांस आमच्या आजोबांचा तो अभिमान पूर्वीइतका निर्मळ वाटत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

आता भांडणाकडे येतो.

देशपांडे हे आडनाव नव्हे, हुद्दा होय. परगण्याचा जमाखर्च ठेवणारा वतनदार तो देशपांडे. म्हणजे वाड्याचे चिरे ज्या उत्पन्नावर उभे राहिले ते उत्पन्न गावाच्या जमिनीतून, कुळांच्या श्रमातून आलेले आहे. आमच्या कोल्हापुरात ही गोष्ट फार लवकर आणि फार उघडपणे चव्हाट्यावर आली. १९१८ साली शाहू महाराजांनी कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा संस्थानातल्या अनेक घरांचा पाया त्याच दिवशी हलला. १९४८ साली गांधीजींच्या वधानंतर कोल्हापूर, सांगली, सातारा ह्या भागांत ब्राह्मणांची घरे जळली. कोल्हापुरातला भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्या आगीतून सुटला नाही. त्याच साली मुंबई इलाख्यात कुळकायदा झाला. आमच्याकडे कित्येक वाडे असे एका रात्रीत किंवा एका कायद्याने संपले. राहिलेली मंडळी शहरात आली, नोकरीस लागली, आणि मागे जे राहिले त्याविषयी फारसे बोलावयाचे नाही असा जणू ठराव झाला. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळी’त ते लिहिले, बाकी बहुतेकांनी मौन धरले.

विदर्भात तसे झाले नाही. तेथे कुळकायदा १९५८ साली आला, जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा १९६१ साली. आणि आगीऐवजी वाळवी लागली. म्हणून एलकुंचवारांचा वाडा हळूहळू पडतो. हा हळूहळू पडण्याचा काळ त्यांनी ज्या बारकाईने टिपला आहे तसा दुसऱ्या कोणी टिपलेला नाही. परंतु कोल्हापूरच्या प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो, आणि तो दाबणे अप्रामाणिकपणाचे होईल: ह्या नाटकात बाहेरचा माणूस कोठे आहे? ज्याने ती जमीन कसली, ज्याच्या बायकोने वाड्याचे अंगण सारविले, ज्याला तेराव्याचे जेवण घालावयाचे आहे, तो गाव कोठे आहे? तो सगळा वेळ भिंतीपलीकडे आहे. त्याचे जेवण हा वाड्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. पण तो स्वतः एकदाही दारात येऊन उभा राहत नाही.

चेकोवच्या ‘चेरी ऑर्चर्ड’शी ह्या नाटकाची तुलना नेहमी केली जाते. ती वरवर बरोबर आहे: तेथेही जुने घर जाते, तेथेही माणसे वेळ असताना काही करीत नाहीत. परंतु १९०४ सालच्या त्या रशियन नाटकात लोपाखिन आहे. त्याचे वाडवडील त्याच जमीनदाराचे गुलाम होते, आणि तो स्वतः ती बाग विकत घेतो व आनंदाने वेडा होतो. त्याचा तो आनंद ऐकल्यावाचून बागेचे दुःख पुरे होत नाही. ‘वाडा चिरेबंदी’त लोपाखिन नाही.

हा दोष आहे काय? आम्ही ह्या प्रश्नावर बरेच दिवस विचार केला, आणि आमचे मत एकदा बदलले, हे येथे नमूद करतो. प्रथम आम्हांस तो दोष वाटला. नाटक पाहून बाहेर पडणारा सुखवस्तू प्रेक्षक आपल्या गेलेल्या वाड्यासाठी रडतो आणि तो वाडा कोणाच्या जिवावर उभा होता हे विसरतो. असे रडणे स्वस्त आहे, असे आमचे म्हणणे होते. प्रयोगानंतर बाहेर चहा घेताना एक गृहस्थ आपल्या गावच्या सागवानी खांबांचे वर्णन इतक्या रसाने करू लागले, की हा माणूस खांबांसाठी रडला की चंदूसाठी, हे आम्हांस कळेना.

परंतु नाटक पुन्हा शांतपणे वाचले तेव्हा चंदूकडे आमचे लक्ष अधिक गेले. बाहेरचा माणूस ह्या नाटकात नाही हे खरे, पण वाड्याने त्याच्याशी जे केले ते वाडा आता आपल्या पोटच्या मुलाशी करीत आहे. ओझी उचलणे, पाणी भरणे, सांगितलेले ऐकणे. चंदूला मत नाही, मिळकत नाही, लग्न नाही. त्या गंजक्या ट्रॅक्टरने त्याच्या पायास जखम होते आणि ती चिघळत जाते, व घरात कोणासही तिच्याकडे नीट पाहण्यास सवड नसते. ट्रॅक्टर ही नव्या शेतीची खूण म्हणून आणला गेला. ज्या वर्गाने पिढ्यानपिढ्या स्वतः नांगर धरला नाही त्याने यंत्र विकत घेतले, आणि ते यंत्र चालले नाही. चालले नाही तरी त्याने जखम मात्र केली, तीही घरात जो एकटा अंगमेहनत करतो त्याला. हे नाटककाराने कोठेही बोलून दाखविलेले नाही. गडीमाणसे निघून गेली, गडीपण राहिले; आणि ते सर्वांत धाकट्या, सर्वांत गरीब स्वभावाच्या मुलाच्या वाट्याला आले. हे ज्याने लिहिले त्याला वाड्याविषयी भाबडे प्रेम आहे असे म्हणता येणार नाही. म्हणून आमची तक्रार आम्ही आता नाटककाराविरुद्ध न ठेवता प्रेक्षकाविरुद्ध ठेवतो. आणि त्या प्रेक्षकांत आम्हीही होतो.

तरीही अर्धी तक्रार उरते. चंदूचे दुःख पाहून प्रेक्षकास बाहेरचा माणूस आठवेलच अशी खात्री नाही. ज्याला आठवावयाचे त्याला आठवते. नाटककाराने एवढा भरवसा प्रेक्षकावर टाकावा की टाकू नये, ह्याविषयी दोन मते संभवतात.

ह्या संदर्भात एका दूरच्या नाटकाची आठवण होते. वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरचे नट व नाटककार एरल जॉन यांनी ‘मून ऑन अ रेनबो शॉल’ हे नाटक लिहिले. १९५७ साली लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ पत्राच्या नाट्यलेखन स्पर्धेत त्याला पहिले पारितोषिक मिळाले आणि १९५८ साली ते तेथल्या रॉयल कोर्ट रंगभूमीवर झाले. क्रिकेटमुळे वेस्ट इंडीजची माणसे आमच्या घराघरांत नावानिशी ठाऊक आहेत. त्यांचे संसार कसे असतात हे मात्र आम्हांस ठाऊक नाही. ह्या नाटकात पोर्ट ऑफ स्पेनमधले एक अंगण आहे. महायुद्ध नुकतेच संपले आहे. मोडकळीस आलेल्या खोल्या, मध्ये सामाईक जागा, आणि मालक तेथलाच एक म्हातारा, ज्याचे खाण्यापिण्याचे दुकान आहे. आपल्याकडच्या चाळीचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे पुरे. सोफिया अॅडम्स ही तेथली गृहिणी. तिचा नवरा चार्ली एके काळचा चांगला गोलंदाज, वर्णभेदापुढे त्याचा खेळ संपला आणि तो दारूत बुडाला. मुलगी एस्थर हुशार आहे, तिला शिष्यवृत्ती मिळाली आहे. पण पुढल्या शाळेच्या खर्चाची तोंडमिळवणी होत नाही. मुलीसाठी बाप चोरी करतो आणि पकडला जातो. शेजारचा एफ्राइम ट्रॉलीबस चालवितो. त्याला हे अंगण सोडून इंग्लंडला जावयाचे आहे, आणि रोझा त्याच्यापासून गरोदर आहे हे कळल्यावरही तो जातो.

सोफियासारख्या बाया आमच्या शहराच्या पेठांत पाहावयास सापडतात, आणि चार्लीसारखे, एके काळी खासबागेचे मैदान गाजविलेले आणि पुढे उपेक्षेत मेलेले मल्लही. परंतु तुलनेचा खरा मुद्दा निराळा आहे. एरल जॉनच्या अंगणात राहणाऱ्यांच्या मालकीचे काहीच नाही; एलकुंचवारांच्या वाड्यात सर्व काही मालकीचे आहे. आणि दोन्हीकडे मुलीचे शिक्षण त्याच एका खडकावर आपटते. एस्थरजवळ गुण आहेत, पैसा नाही. प्रभेच्या घरात सोन्याचा डबा आहे, आणि तरीही तिच्याजवळ पैसा नाही. ही दुसरी स्थिती अधिक भयंकर आहे असे आम्हांस वाटते. गरिबाची मुलगी मागे राहिली तर दैवास किंवा सरकारास बोल लावता येतो. प्रभेने बोल कोणास लावावा? शिवाय चार्लीने मुलीसाठी चोरी केली, ती वाईटच. पण कोणीतरी तिच्यासाठी काहीतरी केले. प्रभेच्या वाड्यात तिच्यासाठी कोणी चोरीही करीत नाही. सोने चोरीस जाते ते भलत्याच स्वप्नासाठी, सिनेमातल्या मुंबईसाठी.

रंजूच्या ह्या पळून जाण्याविषयी आमचे मत थोडे प्रतिकूल आहे. नाटकभर घटना अशा घडतात की त्या घडल्या असे वाटू नये. आणि अखेरीस ही एक घटना मात्र दाणकन येऊन पडते. रंजूचे सिनेमाचे वेड, मास्तरांची शिकवणी यांची पेरणी आधी केलेली आहे, त्यामुळे ती अशक्य वाटत नाही. परंतु सोने जाण्याची सोय नाटककारास हवी होती, आणि त्या सोयीस रंजू सापडली, असे कोठेतरी जाणवते. तिच्याविषयी नाटककारास जेवढी माहिती आहे तेवढी माया त्याला वाटत नाही. पराग, भास्कर, खुद्द दादी यांच्या वाट्याला एकेक क्षण तरी असा येतो की त्यांचे अंतरंग उघडे पडते. रंजूच्या वाट्याला तसा क्षण फारसा येत नाही. अंजलीच्या बाबतीतही प्रथम तशी शंका येते. ती कोकणस्थ, शहरी, हिशेबी. वऱ्हाडी घरात ती परकी. परंतु तिचे परकेपण हळूहळू निवळत जाते, आणि दोन जावांमधल्या बोलण्यात जो ओलावा शेवटी येतो तो अगदी खरा आहे.

भाषेविषयी दोन शब्द लिहिणे जरूर आहे, कारण आम्ही पाहिलेला प्रयोग तेथेच फसला. वाड्यातली माणसे वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतात. अंजली बोलते ती पुण्यामुंबईची. सुधीर ह्या दोहोंच्या मध्ये उभा आहे. ही केवळ स्थानिक रंगाची हौस नव्हे. कोण घरातला आणि कोण बाहेरचा हे त्या बोलण्यावरूनच कळावयाचे असते. आमच्या हौशी मंडळीस वऱ्हाडी साधेना, म्हणून सर्वांनीच पुस्तकी मराठी धरली, आणि मध्येच भास्करच्या तोंडी कोल्हापुरी हेल आला तेव्हा प्रेक्षागृहात खसखस पिकली. वहिनी आणि अंजली यांच्या बोलीत फरक उरला नाही, त्यामुळे त्यांच्या जवळ येण्यालाही अर्थ उरला नाही. जी बोली येत नाही ती शिकावी, नाहीतर ते नाटक करू नये. ह्या बाबतीत आम्ही कोणतीही सवलत देण्यास तयार नाही. दादींचे काम मात्र त्या मंडळीतल्या एका बाईंनी फार उत्तम केले. आतून येणारा तो आवाज त्यांनी करुण केला नाही. शाळा सुटण्याची वाट पाहणाऱ्या मुलाने विचारावे तसा त्यांनी वेळ विचारला. काळोखातून चौथ्यांदा तो प्रश्न आला तेव्हा आमच्या मागच्या रांगेतल्या एका लहान मुलाने मोठ्याने खरी वेळ सांगितली, आणि कोणी हसले नाही.

तो प्रयोग केशवराव भोसले नाट्यगृहात झाला होता. शाहू महाराजांनी १९१५ साली ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभे केलेले, पुढे ‘ललितकलादर्श’च्या केशवरावांचे नाव मिळालेले ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी तेथे जमलेल्या गर्दीत आम्हीही होतो. दगडी भिंती उभ्या होत्या, आतले लाकूड गेले होते. कोणी कोणाशी बोलत नव्हते. वाड्यासाठी रडणाऱ्या प्रेक्षकांस आम्ही वर जे खडसावले ते त्या सकाळी आम्हांस आठवले, आणि जरा ओशाळल्यासारखे झाले. चिऱ्यालाकडावर माणसाचा जीव जडतो, हे खोटे नाही. मात्र तेथे कोणासही चार आणे देऊन जमिनीवर बसता येत असे. देशपांड्यांच्या वाड्यात गावाने कोठवर यावयाचे ते ठरलेले होते. हा भेद आम्ही विसरत नाही.

‘वाडा चिरेबंदी’नंतर एलकुंचवारांनी ह्याच घराण्याची कथा ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ह्या दोन नाटकांत पुढे नेली, आणि १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटके सलग, सुमारे नऊ तासांत, करून दाखविली. पुढल्या नाटकांत वाड्याबाहेरचे जग किती आत येते, आणि आले ते कोणत्या दाराने, हा प्रश्न वरील विवेचनानंतर वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्या दोन नाटकांविषयी स्वतंत्रपणे लिहिण्याचा आमचा विचार आहे. आत्याबाईंनी दोन्ही पुस्तके आमच्याकडून वाचावयास नेली आहेत. ती परत आली म्हणजे लिहूं.